केसांतले अकरा आठवडे

सोलव्हिकच्या मराठी मंडळात कोण किती वर्षं थांबलंय हे विचारावं लागत नाही. पुरुषांचे केस बघितले की कळतं. कायम निवासाचा अर्ज करून वर्ष झालं असेल तर केस कानांवर आलेले असतात. दोन वर्षं झाली की मागे रबर लागतं. चौथ्या वर्षातले दिघे आरतीला उभे राहिले की मागून थेट त्यांच्या बायकोसारखे दिसतात, असं तीच सांगते आणि वर त्यांनाच विचारते, "तेल कुठलं लावता हो?" परवाना हातात पडला की माणूस आधी न्हाव्याकडे जातो. मंडळात कुणी भादरलेल्या मानेने आत आलं की बाकीचे पेढ्यांची वाट न बघता टाळ्या वाजवतात. मग जरा वेळ कुणी कुणाशी बोलत नाही.

खांबेटे काकांना टक्कल आहे. "आमचा सातबारा पायाच्या अंगठ्यात," ते म्हणतात. टक्कल असलेल्यांचं नख घेतात. काका सहा-सहा महिने अंगठ्याचं नख वाढवतात आणि तेवढे दिवस एक नंबर मोठा बूट घालतात. त्यांचं नववं वर्ष. सगळ्यांच्या फायली त्यांना तोंडपाठ आहेत.

नियम साधा आहे. अर्ज दिल्यापासून निर्णय होईपर्यंत अर्जदाराने देशात सलग राहायचं. या सगळ्या काळात मिळून चौदा दिवस बाहेर काढता येतात. पंधरावा दिवस लागला की अर्ज रांगेच्या शेवटी जातो. पूर्वी हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून बघत, पण शेजारच्या देशाची हद्द पायीसुद्धा ओलांडता येते आणि तिथून विमान पकडणारे पुष्कळ निघाले. तेव्हापासून केस बघतात, म्हणून निर्णय होईपर्यंत कुणी ते कापत नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना तो आपण खाल्ल्या-प्यायल्यातूनच घडतो, आणि एकदा डोक्याबाहेर आला की त्यात पुन्हा फारसं काही बदलत नाही. पाण्यात दोन प्रकारचा हायड्रोजन असतो, हलका आणि जड. समुद्रावरून निघालेला ढग थंड मुलखाकडे सरकत जातो तसा जड हायड्रोजन वाटेतल्या पावसात आधी गळून पडतो. उत्तरेच्या बर्फापर्यंत पोचतं ते हलकं पाणी. त्यामुळे सोलव्हिकचं पाणी हलकं, कृष्णेचं त्या मानाने जड. पिणाऱ्याला फरक कळत नाही, यंत्राला कळतो. दुसरी खूण खडकाची. स्ट्रॉन्शियम नावाचा धातू खडकातून मातीत, मातीतून धान्यात आणि धान्यातून आपल्यात येतो. इथला ग्रॅनाइट शेकडो कोटी वर्षांचा, दख्खनचा काळा कातळ त्यापुढे पोरसवदा, आणि दोघांतला स्ट्रॉन्शियम वेगळ्या घडणीचा. लेझर केसाच्या लांबीवरून हळूहळू फिरतो आणि पंधरा मिनिटांत आठवड्यागणिक दोन रेघा काढून देतो, एक पाण्याची, एक खडकाची.

सगळीकडे जगभरचं धान्य खाल्लं जायचं तेव्हा हे जमलं नसतं. पण जहाजांचे रस्ते दोनदा बंद पडल्यावर या देशाने गहू-बटाट्यापासून टोमॅटोपर्यंत सगळं छपराखाली, स्वतःच्या पाण्यावर आणि स्वतःच्या मातीत घ्यायला सुरुवात केली. आता इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या केसांत हाच देश असतो.

मी सोलव्हिक नगरपालिकेच्या पाणी प्रयोगशाळेत काम करते. मला या शास्त्राचं कौतुकच होतं. केशनोंद सुरू झाली तेव्हा मंडळात फळ्यावर ढग काढून मीच सगळ्यांना समजावलं होतं.

थांबण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. दिघ्यांनी चार वर्षांत पलंग घेतला नाही, जमिनीवर गादी टाकून झोपतात. पलंग घेतला की नकार येईल असं त्यांना वाटतं. एक बाई भाषेच्या परीक्षेचा अभ्यास पास झाल्यानंतरही करतात. मी ग्रंथालयातून जाडजूड कादंबऱ्या आणते. चाळिसाव्या पानावर बोट ठेवून फोन उघडते, अर्जाची स्थिती बघते, "विचाराधीन" वाचते आणि चाळिसावं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते. एकदा जेवताना मला जाणवलं की मी उभ्यानेच जेवतेय. किती दिवस तसं चाललं होतं ते सांगता आलं नाही.

आणि सगळेच चौदा दिवस राखतात. लग्नं, बारशी, शांती, कशालाच कुणी जात नाही. खरी वेळ आली तर हाताशी असावेत म्हणून. दिघ्यांचे वडील गेले तेव्हा क्रिया चुलतभावाने केली. इकडे दिघ्यांनी डोकं करायचं की नाही यावर मंडळात दोन रविवार चर्चा झाली. शेवटी गुरुजींनी व्हिडिओवर सांगितलं, चार केस कापून वाहा. दिघ्यांनी चार केस कापले, तेसुद्धा टोकाचे, ज्यांची तपासणी आधीच होऊन गेली होती.

मी तेव्हा हसले होते.

माझी आई कराडला असायची. टपाल खात्यात तीस वर्षं काढलेली, दिवाळीनंतर दर वर्षी मला एक खोका पाठवणारी. तिने बांधलेला खोका कधी फुटून आला नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी डिसेंबरात तिची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात.

"आई, येऊ का आत्ता?" मी जानेवारीत विचारलं.

"आत्ता येऊन काय बघणारेस, सुया टोचलेला हात? एप्रिलात ये. तोवर चालतीबोलती होईन."

"चौदाच दिवस आहेत."

"मग नीट वापर की."

मलाही तेच वाटत होतं. ते दिवस दवाखान्याच्या बाकावर घालवायचे, की आई घरी आल्यावर, की यापेक्षा वाईट वेळ येईल तेव्हा? मी कॅलेंडरवर तारखा आखायचे आणि खोडायचे. एप्रिल ठरला. मग वाटलं, मे बरा.

अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी, इथल्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिंधूमावशीचा फोन आला. ती आईची धाकटी बहीण, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. दोघी एकाच घरात राहायच्या. ती म्हणाली, "मालनताई गेली. मघाशी. तुझ्यासाठी थांबायचं का?"

मी नको म्हणाले. दोन विमानं बदलावी लागतात, तुम्ही किती वेळ थांबणार, असं कारण दिलं. चौदा दिवस तसेच राहिले.

त्यानंतर मावशीचे आणि माझे फोन होत राहिले. मृत्यूचा दाखला, बँकेतली सही, मागच्या दाराचं कुलूप. शेवटचे दिवस कसे गेले ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आई गेल्यावर आठव्या दिवशी तिचा खोका आला. नोव्हेंबरात जहाजाने निघालेला. इंद्रायणी तांदूळ, कुळथाचं पीठ, मेतकूट, सांडगे, कुरडया, शेवया, लसणाची चटणी, गूळ, तूरडाळ. वीस किलोला जरा कमी. मी मेतकूट-भात केला. दुसऱ्या दिवशी पिठलं-भात. मग तेच खात राहिले. ठरवून असं काही केलं नाही. दुकानात जायचे, बटाट्यांसमोर उभी राहायचे आणि काही न घेता परत यायचे. मंडळातली डब्याची आमंत्रणं टाळली. मेच्या पहिल्या आठवड्यात मेतकुटाच्या डब्यात तळाशी लागलेलं होतं, ते चमच्याने खरवडून खाल्लं आणि डबा धुतला. मधल्या काळात वजन सात किलो उतरलं होतं.

यंदा जानेवारीत मी नेहमीप्रमाणे केस दिले. सहाव्या आठवड्यात पत्र आलं. अर्जदार गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून अकरा आठवडे देशाबाहेर होती, दहा दिवस इकडेतिकडे. सोबत नकाशा होता. सह्याद्रीपासून पूर्वेला काळ्या कातळाचा एक पट्टा रंगवला होता, कराड त्याच्या आतच येत होतं.

निवास कार्यालयातल्या आउने बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी आलेख माझ्याकडे वळवला. पाण्याची रेघ अर्ध्या वाटेपर्यंत चढून थांबली होती. खडकाची रेघ पुरती कराडला पोचली होती.

"मी गेले नव्हते," मी म्हणाले. "आईने पाठवलेलं धान्य खात होते."

"सगळेच खातात. जेवणाच्या दहाव्या भागाची सूट आम्ही आधीच धरतो."

"मी फक्त तेवढंच खात होते."

"अकरा आठवडे?"

"हो."

"का?"

याचं उत्तर मला त्यांच्या भाषेत देता आलं नाही. आपल्या भाषेत आलं असतं असंही नाही. मी कामाचं बोलले. "केसातला ऑक्सिजन तपासा. हायड्रोजन बराचसा अन्नातून येतो, ऑक्सिजन मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून. पाणी मी इथलंच पीत होते. पाण्याची रेघ अर्ध्यावर थांबलीय ती त्यामुळेच."

त्यांनी आलेखाकडे पुन्हा पाहिलं. "तुमचं बरोबर असू शकेल. पण ती दुसऱ्या पायरीची तपासणी. देशात एकच प्रयोगशाळा ती करते आणि तिथे रांग आहे. सव्वीस ते तीस महिने. तोवर अर्ज स्थगित राहील आणि स्थगित अर्जावर देशाबाहेर एक दिवसही जाता येत नाही. ते चौदा दिवससुद्धा नाहीत." मग त्यांनी खणातून दुसरा फॉर्म काढला. "तुमच्या फायलीत आईच्या मृत्यूची तारीख आहे. गेल्या शरदात नियम बदलला. आईवडिलांच्या अंतकाळी जवळ राहण्यासाठी कुणी गेलं असेल तर नव्वद दिवस माफ होतात. तुम्ही इथे सही करायची आणि तिथे हजर असलेल्या एका नातेवाइकाने लिहून द्यायचं. मग सहा आठवड्यांत निर्णय होईल."

"निर्णय म्हणजे?"

"बाकी फाईल स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. याहून स्पष्ट त्यांना बोलता येत नसावं.

खांबेटे काकांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "सही कर."

"काका, मी गेले नव्हते."

"सरकार म्हणतंय गेलीस. आपण कशाला सरकारला खोटं पाडायचं?"

"पण खोटं तर आहे ना."

"नऊ वर्षं मी खरं बोलतोय ऋजुता. बघायचाय अंगठा?" ते बूट काढायला वाकले, मग सरळ झाले. "तुझी ती मावशी किती वर्षांची?"

"एकाहत्तर."

"तीस महिन्यांनी?"

काकांनी फॉर्मची घडी घालून माझ्या हातात दिली. "तेवढाच हिशेब कर. बाकी सगळं मंडळात रविवारी बोलायचं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतून कराडला फोन लावला. तिकडे संध्याकाळ व्हायला आली होती. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी लिहून द्यायचं की तू होतीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि दिलं तर तुला तिथं कायमचं राहू देतील. नाही दिलं तर अडीच वर्षं तू हलायची नाहीस."

"हो."

तिकडे मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली. "काय लिहू? रोज पाय चेपत होती असं लिहू?"

"मावशी."

"बोलू दे की मला. वर्षभर गप्प आहे." मग एकदम तिचा वर्गातला आवाज आला. "वही घे. पेन घे. ती बाई तुला उलटसुलट विचारणार, तेव्हा ततपप झालं तर मीच खोटी पडायची. कुठला दवाखाना?"

"मलकापूरचा."

"कितवा मजला?"

"माहीत नाही."

"दुसरा. लिही. बायकांचा वॉर्ड, खिडकीकडून दुसरी खाट. खिडकीतून काय दिसतं?"

मी वहीत 'खिडकी' लिहिलं.

"उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात तो रस्ता. शेजारच्या खाटेवर उंब्रजची म्हातारी होती, तिचा रेडिओ कायम चालू. मालनताई म्हणायची, बातम्या तरी नीट लाव, नुसती खरखर काय ऐकतेस. लिहिलंस?"

"लिहिते."

"शनिवारी हाताला पट्टी बांधली तर तिने ती सोडून स्वतः बांधली. म्हणाली, असली गाठ मारली असती तर माझं पार्सल पुण्यातच फुटलं असतं. नर्सला हसू आवरेना. सोमवारी तिला धाप लागली. सोमवार दुपारपासून ती तुझं नाव घ्यायला लागली."

मी लिहीत होते. "ऋ" काढून हात थांबला.

"ऋजा आली का, ऋजा आली का. मी आधी म्हटलं, येतीय. मग म्हटलं, मुंबईत उतरलीय. संध्याकाळी म्हटलं, खाली आलीय, केसपेपर काढतीय. दुसरं काय करणार होते मी?"

"मावशी, पुढचं नंतर सांग."

"नंतर नाही. रात्रपाळीला सुजाता म्हणून नर्स होती, पाटणकडची. तुझ्याएवढी, लांब वेणीची. सकाळी ती सलाईन बघायला वाकली, तर मालनताईने तिचा हात धरला. म्हणाली, केवढी वाळलीस गं. ती पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. तर ती म्हणाली, आलेय ना आई. बसली स्टुलावर. तिची पाळी संपली होती, गाडी चुकली तिची, पण हात सोडवून घेतला नाही. साडेनऊला दम थांबला तेव्हा हात तिच्याच हातात होता."

पलीकडून पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"तेव्हा माझं काही अडत नाही," मावशी म्हणाली. "ताईच्या समोर एकदा सांगून झालंय की तू आलीस. आता कागदावर सांगते. त्यात काय मोठं."

चार दिवसांनी तिचं निवेदन आलं. वळणदार अक्षर, तारखा बरोबर, खाली सही आणि शाळेचं जुनं पद. त्यात सुजाता नव्हती. स्टुलावर मी बसले होते.

त्या आठवड्यात मी काहीच धड केलं नाही. अर्जाची स्थिती बघणं मात्र थांबलं, कारण आता ती माझ्या पिशवीत होती. चालायला निघायचे आणि वाट निम्म्यावर सोडून परत यायचे. फॉर्म टेबलावर ठेवायचे, सहीची जागा सोडून बाकी रकाने भरायचे, पुन्हा आत ठेवायचे. वहीतले मावशीने सांगितलेले तपशील मी पाठ केले. दुसरा मजला, खिडकीकडून दुसरी खाट, उसाच्या ट्रॉल्या. पाठ होईपर्यंत ते दिसायलाही लागलं. एकदा प्रयोगशाळेत नमुना ढवळताना मला त्या रेडिओची खरखर स्पष्ट आठवली, आणि मग लक्षात आलं की ती मी कधी ऐकलेलीच नाही. मी नमुना बाजूला ठेवला. आणखी महिन्याभरात मला खरंच वाटायला लागलं असतं की मी तिथे होते.

निवास कार्यालयातल्या भेटीच्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत लवकर गेले, नोंदवहीतलं एक जुनं पान छापून घेतलं आणि फॉर्मबरोबर पिशवीत ठेवलं. कुठला कागद बाहेर काढायचा ते तेव्हाही ठरलं नव्हतं.

आउने बाईंनी मावशीच्या निवेदनाचा अनुवाद वाचला. "चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मला फक्त सातवा रकाना तोंडी विचारायचा असतो. रुग्ण शुद्धीवर असताना तुमची भेट झाली का? तुम्हाला ओळखलं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तिने एका नर्सला ओळखलं. त्या वेळी तिथे ती होती. मी नव्हते."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी दुसरा कागद काढला. "अकरा फेब्रुवारी. आमच्या प्रयोगशाळेची नोंद. सकाळी आठ ते दुपारी चार, एकतीस नमुने. प्रत्येकापुढे माझी सही आहे."

"असे कागद आम्ही पुरावा म्हणून धरत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. फायलीला जोडून ठेवा."

त्यांनी पान जवळ ओढलं. बोट ओळींवरून खाली गेलं. "मृत्यूची बातमी कधी कळली?"

"सात वाजून दहा मिनिटांनी."

"आणि आठ वाजता तुम्ही कामावर आलात?"

"हो. सात चाळीसची बस मिळाली." मग त्यांनी विचारलं नव्हतं तरी मी सांगितलं, "एकतीसपैकी एकही नमुना पुन्हा करावा लागला नाही. मी नंतर तपासलं होतं. माझ्याकडे चौदा दिवस शिल्लक होते. तुमच्या नियमाने मला अडवलं नव्हतं."

आउने बाई सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत, ते बरं झालं. त्यांनी मावशीचं निवेदन पाकिटात घालून मला परत दिलं. "हे फायलीत आलंच नव्हतं असं समजू. तुमच्या मावशींना त्रास नको." माफीचा फॉर्म फाडला. मग मला खुर्चीत जरा वळायला सांगून मानेमागून केसांची एक बट मुळाशी कापली, चिमट्याने नळीत सोडली आणि नळीवर नवा क्रमांक चिकटवला. सव्वीस महिने. कदाचित तीस.

बाहेर आल्यावर कार्यालयासमोरच्या बाकावर बसून मी मावशीला फोन केला आणि झालं ते सांगितलं.

"म्हणजे मी लिहिलेलं वाया गेलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू आता अडीच वर्षं येत नाहीस."

"येता येणार नाही."

"तोवर मी असेन का, हे विचारलंस त्या बाईला?"

"नाही."

"विचारायचं होतंस. त्यांच्याकडे यंत्र आहे ना." तिचा श्वास ऐकू येत होता. ती रागावली होती, आणि तिने रागवावं हेच बरोबर होतं. "सही करायचीच नव्हती तर माझ्याकडून एवढं सगळं वदवून का घेतलंस? खिडकी काय, खाट काय. दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

"तेव्हा करायची होती सही."

"आणि आता?"

"आता वाटतं, मला ते ऐकायचं होतं."

"मग तसं विचारायचं," ती म्हणाली. "त्याला एवढा फॉर्म कशाला लागतो? वर्ष होऊन गेलं. पिंडाला कोण आलं, दिवस कुणी केले, दागिने कुणाकडे आहेत, सगळं लोकांनी विचारून झालं. माझ्याकडे आहे ते कुणी विचारलंच नाही. तूसुद्धा नाही."

"नाही विचारलं."

"मी शनिवारवरून एकदम सोमवारवर गेले, तुझ्या लक्षात नाही आलं. रविवारचं सांगितलंच नाही तुला. रविवारी ती चांगली होती. दिवसभर बोलत होती." आवाज जरा खाली आला. "वेळ आहे का तुला?"

"सव्वीस महिने आहेत," मी म्हणाले.

ती हसली नाही, पण नाकातून हवा सोडल्यासारखा एक आवाज आला, तो आईचाही असायचा. "थांब मग. गॅस बंद करून येते."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. तिकडे नळ तसाच चालू होता. समोरच्या दारातून लांब केसांचे दोघे तिघे आत जात होते, बाहेर येत होते. मी फोन कानाला लावून थांबले.